चूल, चिमणी आणि पन्नास रुपयांचा बल्ब

२०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने सात योजनांची एक यादी काढली. निवडलेल्या गावांत एकही पात्र घर या सातांपैकी कशातूनही सुटता कामा नये, असं फर्मान होतं. नाव होतं ‘ग्राम स्वराज अभियान’. पहिला टप्पा १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला सुरू झाला आणि ५ मेला संपला. दुसरा टप्पा १ जून ते १५ ऑगस्ट असा होता आणि तो खास ‘आकांक्षित’ जिल्ह्यांसाठी होता. आकांक्षित म्हणजे जुन्या सरकारी भाषेत मागास. महाराष्ट्रातले असे चार जिल्हे निवडले होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशिम.

सात योजना अशा होत्या: बँक खात्यासाठी जनधन, दोन विमा योजना, लसीकरणासाठी इंद्रधनुष, गॅससाठी उज्ज्वला, वीजजोडणीसाठी सौभाग्य आणि एलईडी बल्बसाठी उजाला. म्हणजे सातातल्या तीन योजना थेट घरातल्या विस्तवाशी आणि उजेडाशी जोडलेल्या होत्या. खातं, विमा आणि लस यांच्या बरोबरीने सरकारला गरिबाच्या घरातला बल्ब मोजावासा वाटला, ही साधी गोष्ट नाही. ती एका दिवसात घडलेलीही नाही. तिच्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा विदर्भात घडलेला आहे.

हा इतिहास वाचताना एकच प्रश्न सोबत ठेवू. गरिबाच्या घरातली ऊर्जा वाचावी म्हणून सरकारने जेव्हा जेव्हा पैसा खर्च केला, तेव्हा त्या पैशाने नेमकं काय विकत घेतलं?

गाव उजळलं, घर नाही

वाशिम जिल्हा तसा तरुण आहे. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. गाव मात्र फार जुनं. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या थोडी आत होती आणि दर सहा माणसांपैकी पाच खेड्यात राहत होती.

खेड्यात वीज कधी आली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते. ते शेजारच्या पुसद भागातले. शेतीला पाणी आणि पाण्यासाठी पंप, हा त्या काळाचा ध्यास होता. त्यामुळे खेड्यात वीज पोचली ती आधी शेताच्या बांधावर, विहिरीपाशी.

सरकारी हिशेबातही तेच दिसतं. १९९७ पर्यंत देशात ‘विद्युतीकरण झालेलं गाव’ याची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असली की गाव विद्युतीकृत. शिवारात एका शेतकऱ्याचा पंप चालला की कागदावर अख्खं गाव उजळलं. १९९७ मध्ये व्याख्या बदलली, वीज वस्तीत पोचायला हवी असं ठरलं. २००४ मध्ये आणखी एक अट आली: किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव पास!

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साधारण ७७ टक्के घरांनी उजेडासाठी वीज वापरत असल्याचं सांगितलं. २०११ मध्ये हा आकडा ८४ टक्क्यांच्या आसपास गेला. गावांच्या यादीत राज्य केव्हाच पूर्ण उजळलं होतं. घरांच्या यादीत मात्र दर सहा घरांतलं एक घर अजून चिमणीवर होतं. ही उरलेली घरं कुणाची होती, ते गावात कुणीही सांगेल: गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, तांड्यावरची, भूमिहीन मजुराची.

या घरांसाठी पहिली योजना १९८८-८९ साली आली. तिचं नाव ‘कुटीर ज्योती’. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक दिवा द्यायचा, वायरिंगचा आणि जोडणीचा खर्च सरकारने एकदाच उचलायचा. एक दिवा म्हणजे शब्दशः एकच दिवा. पंखा नाही, दुसरी खोली नाही. त्या एका खांबावरच्या तारेतून आलेला पिवळा बल्ब चुलीजवळ लावायचा की अभ्यासाच्या पुस्तकाजवळ, हे घरातल्या माणसांनी ठरवायचं. पुढे २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली आणि कुटीर ज्योती तिच्यात विलीन झाली. आता दारिद्र्यरेषेखालच्या घराला जोडणी मोफत होती आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा होता.

पण २००५ हेच महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या भीषण पर्वाचंही वर्ष. त्याच वर्षी जूनमध्ये विद्युत मंडळाची विभागणी होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. वीज कमी होती आणि कपात खेड्यांच्या वाट्याला जास्त आली. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रं विदर्भात. कोळसा विदर्भाचा, राख विदर्भात, उन्हाळाही विदर्भाचा. आणि संध्याकाळी अंधारही विदर्भातल्याच खेड्यात. या तक्रारीवर इथल्या राजकारणात किती भाषणं झाली असतील, त्याची गणती नाही. ज्याला नुकतीच जोडणी मिळाली होती, त्याच्या घरातली चिमणी मात्र कोनाड्यातून हलली नाही.

मातीचं तेल आणि कार्डावरचा शिक्का

चिमणी म्हणजे काचेच्या बाटलीत किंवा पत्र्याच्या डबीत वात घालून केलेला रॉकेलचा दिवा. विदर्भात रॉकेलला ‘मातीचं तेल’ म्हणतात. गरिबाच्या घरातल्या ऊर्जेवर सरकारने सर्वांत जास्त काळ पैसा खर्च केला तो याच तेलावर. रेशन दुकानात ते स्वस्त मिळत असे आणि त्यामागचा तोटा तेल कंपन्या आणि सरकार सोसत असे.

या पैशाने काय विकत घेतलं? थोडा उजेड आणि पुष्कळ काजळी. वातीच्या दिव्यात तेलातल्या ऊर्जेचा अगदी नगण्य भाग उजेड होतो, बाकीची उष्णता आणि धूर. शिवाय स्वस्त तेल डिझेलमध्ये मिसळण्यासाठी वाटेतच गळत असे. तरीही तेलाचं एक बरं होतं. ते लिटरने, अर्ध्या लिटरने, हातात पैसे असतील तेवढंच घेता येई. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला ही सोय फार मोलाची असते. गॅस आणि विजेने पुढे नेमकी हीच सोय काढून घेतली.

गॅसजोडणी घेतली की रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसायचा आणि रॉकेल कमी किंवा बंद व्हायचं. शिक्का टाळण्यासाठी गॅस न नोंदवणारी घरं होती. जुलै २०१६ पासून रॉकेलची किंमत २५-२५ पैशांनी वाढवायला सुरुवात झाली. २०२० उजाडेपर्यंत अनुदान जवळपास संपलं. पावलं इतकी लहान होती की कुठे मोर्चा निघाला नाही. रेशनच्या रांगेतून निळसर तेलाचे कॅन हळूहळू दिसेनासे झाले.

मगनवाडी ते निर्धूर चूल

आता चुलीकडे येऊ. कारण गरिबाच्या घरात सर्वांत जास्त ऊर्जा जळते ती तिथे.

जुनी चूल म्हणजे अडाणी चूल, असं आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. मराठी घरातल्या चुलीला शेजारी औल किंवा वैल असते. मुख्य भांड्याखालून सुटलेली आच तिच्यावर जाते आणि वरण, दूध किंवा आंघोळीचं पाणी फुकटात तापतं. वाया जाणारी उष्णता पकडण्याची ही युक्ती कुठल्या सरकारने शिकवलेली नाही. जिला सरपण डोक्यावर वाहून आणावं लागतं, तिला कार्यक्षमता हा शब्द माहीत नसला तरी अर्थ माहीत असतो.

चुलीवर शास्त्रशुद्ध काम सुरू झालं ते वाशिमच्या पूर्वेला, वर्ध्यात. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठिकाण मगनवाडी, आणि कामाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे. परदेशी रॉकेलवर अवलंबून राहू नये म्हणून तिथे वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ तयार झाला. धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ही तिथलीच. गरिबाच्या घरातली ऊर्जा हा अर्थशास्त्राचा विषय आहे, हे मगनवाडीने दिल्लीच्या चाळीसेक वर्षं आधी ओळखलं होतं.

गोबरगॅसची कथाही महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णाश्रमात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले गेले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचं संयंत्र तयार केलं आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेलं. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम आला, अनुदान आलं आणि सर्वाधिक संयंत्रं बांधणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पुढे राहिला. पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. शिवाय बांधायला अंगण आणि कालवायला पाणी. अनुदान गरिबासाठी होतं, पण ते घ्यायला दावणीला गुरं लागत होती. भूमिहीन मजुराची बायको त्याच गुरांमागून शेण गोळा करून गोवऱ्या थापत राहिली. आणि गोठ्यातलं शेण मालकाच्या टाकीत जाऊ लागल्यावर तिला तेही कमी मिळू लागलं.

मग ‘निर्धूर चूल’ आली. १९८३ च्या अखेरीस प्रायोगिक आणि १९८५ पासून देशव्यापी असा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. इंदिरा आवास योजनेच्या घरकुलात निर्धूर चूल आणि संडास असायलाच हवेत, असा नियम झाला. महाराष्ट्रात या कामाला चांगली माणसंही मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, ‘लक्ष्मी’सारख्या चुलींवर काम केलं, साचे तयार केले, कारागिरांना शिकवलं.

२००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम गुंडाळला तेव्हा कागदावर देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या होत्या. त्यातल्या किती पेटत होत्या, हा वेगळा प्रश्न. चूल बसवणाऱ्याला दर चुलीमागे पैसे मिळत. त्यामुळे चुली भराभर बसल्या. पण धुरांडं काजळीने तुंबलं तर ते कोण साफ करणार? कवेलूच्या छपराला पाडलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी गळलं तर कोण बुजवणार? चुलीचं तोंड अरुंद, आणि इथलं सरपण पऱ्हाटीचं आणि तुराट्यांचं, लांबलचक. ते तोडून लहान करायला कुऱ्हाड आणि वेळ लागतो. बाईने चुलीचं तोंड फोडून रुंद केलं की कागदावरची कार्यक्षमता तिथेच संपली.

पुढे ओडिशातल्या गावांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. नंतर चुलींची डागडुजी झाली नाही, वापर घटला आणि फायदाही विरला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या आजीने हे न विचारता सांगितलं असतं. पण आजीला सर्वेक्षणात विचारलेला प्रश्न एवढाच होता: चूल बसवली का?

या सगळ्यात शेतही बदलत होतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाशिमच्या शिवारात कपाशी मागे सरली आणि सोयाबीन पसरलं. कपाशी निघाली की पऱ्हाटी उरते, ती वर्षभराचं जळतण. सोयाबीनचं उरतं ते कुटार, जे गुरांच्या तोंडी जातं किंवा गंजीला लागतं, पण त्यावर भाकर भाजत नाही. तुरीची आंतरपिकं राहिली म्हणून तुराट्या तरी राहिल्या. बाजाराने पीक बदललं आणि चुलीचं इंधनही गेलं. अर्थसंकल्पात या नुकसानीला कुठलंही शीर्षक नव्हतं.

पन्नास रुपयांचा बल्ब

बल्बची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि बहुधा या सगळ्या इतिहासातली सर्वांत यशस्वी.

साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट जळतात. नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देऊन दीड युनिटही घेत नाही. दोन बल्ब बदलले की महिन्याला पंधरा युनिट वाचले. हे गणित सगळ्यांना कळत होतं. अडचण एवढीच होती की जुना बल्ब दहा-बारा रुपयांना मिळे आणि नवा शेकडो रुपयांना.

पहिला प्रयत्न २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’चा. जुना बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल घ्या. उरलेला खर्च कार्बन क्रेडिट विकून भरून काढायचा होता. म्हणजे खेड्यातल्या बल्बचा हिशेब युरोपातल्या बाजाराशी बांधला. काही वर्षांत त्या बाजारात क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनाही बसली.

दुसरा प्रयत्न ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेला, जो पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखला गेला. ‘ईईएसएल’ ही सरकारी मालकीची कंपनी एकगठ्ठा कोट्यवधी बल्बांची निविदा काढायची. २०१४ च्या सुरुवातीला तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडला होता. २०१६ मध्ये तोच ५५ रुपयांना पडला आणि पुढे ३८ पर्यंत उतरला. ग्राहकाने एकरकमी पैसे द्यायचे किंवा वीजबिलातून दहा-दहा रुपयांच्या हप्त्यांनी फेडायचे. देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब असे विकले गेले.

यात थेट अनुदान नव्हतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सार्वजनिक पैशाने इथे जोखीम घेतली, मोठी मागणी एकत्र केली आणि कारखानदाराला भाव उतरवायला भाग पाडलं. मग गावातल्या किराणा दुकानातला बल्बही स्वस्त झाला. ज्याने योजनेचं नावही ऐकलं नाही, त्यालाही फायदा झाला.

२०१८ च्या ग्राम स्वराज अभियानात हा बल्ब शिबिरांमधून ५० रुपयांना दिला गेला. २०२१ मध्ये ‘ग्राम उजाला’ आली. खेड्यात चालू स्थितीतला जुना बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी, घरटी जास्तीत जास्त पाच. तिच्या सुरुवातीच्या ठिकाणांत विदर्भातलं नागपूर होतं. गंमत म्हणजे तिचाही खर्च कार्बन क्रेडिटमधूनच काढायचा होता.

बल्बला यश का मिळालं आणि चुलीला का नाही? बल्ब होल्डरमध्ये बसवला की संपलं. त्याला साफसफाई नाही, सवय बदलायला लागत नाही, छपराला भोक पाडावं लागत नाही. मुख्य म्हणजे तो घरातल्या कुणाच्याही श्रमात भर घालत नाही. चूल ज्या बाईच्या श्रमावर चालते, त्या श्रमाची किंमत शून्य धरली होती, आणि जिथे किंमत शून्य धरली तिथे बचतीचा हिशेब कसा जुळणार?

सिलिंडर आला, पुढे?

उज्ज्वला १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचं लक्ष्य होतं. ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं ७ सप्टेंबर २०१९ ला, आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बचत गटांच्या महिलांच्या मेळाव्यात. जोडणी बाईच्या नावावर होती, हे या योजनेचं मोठेपण मान्य करायला हवं. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, आणि गॅसचं पुस्तक तिच्या नावावर. अनेक घरांत तिच्या नावावरचा तो पहिलाच सरकारी कागद ठरला असेल.

सरकारने जोडणीमागे १६०० रुपये दिले. शेगडी आणि पहिला सिलिंडर मात्र बहुतेकींनी तेल कंपनीच्या कर्जावर घेतला, आणि हे कर्ज पुढच्या सिलिंडरच्या अनुदानातून कापलं जायचं. म्हणजे सर्वांत गरीब ग्राहक सुरुवातीला पूर्ण भाव मोजत होती! तक्रारी वाढल्यावर एप्रिल २०१८ पासून पहिल्या सहा सिलिंडरांपर्यंत ही कपात थांबवली गेली.

देशभरातल्या उज्ज्वला घरांत वर्षाला सरासरी सिलिंडर किती जातात? २०१९-२० मध्ये तीन. २०२२-२३ मध्ये पावणेचारच्या आत. मध्यमवर्गीय घरात सात-आठ सहज लागतात. उरलेला स्वयंपाक चुलीवरच होतो. गॅस चहाला, पाहुण्याला, पावसात सरपण ओलं झालं की. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. सरकारी भाषेत याला अपयश म्हणतील. घरातल्या बाईच्या दृष्टीने तो हिशेब आहे. गॅसला हजाराच्या आसपास रुपये एकदम मोजावे लागतात, तुराट्या शेतातून येतात.

हाच पेच राज्यालाही दिसला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचं ठरलं. पण ‘मोफत’ची रीत अशी की आधी बाईने पूर्ण पैसे भरायचे, मग ते खात्यात परत येणार. ज्या घरात अडचण हातातल्या रोख पैशाचीच आहे, तिथे पैसे नंतर मिळणार हे ऐकून आजची चूल विझत नाही.

खरा खर्च छतातून गळतो

जगात गरिबांच्या घरातली ऊर्जा वाचवण्याची सर्वांत जुनी मोठी योजना अमेरिकेत आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मेन या थंड राज्यात गरिबांची घरं हिवाळ्यासाठी बंदिस्त करायला सुरुवात झाली आणि १९७६ मध्ये त्याचा देशव्यापी कायदा झाला. तिथे सरकारी पैशातून माणूस घरी येतो, घर तपासतो, फटी बुजवतो, छताखाली उष्णतारोधक थर घालतो. आजवर ७० लाखांहून जास्त घरं अशी दुरुस्त झाली आहेत. त्यांनी वस्तू वाटण्याऐवजी घर दुरुस्त केलं, हा आपल्यासाठी लक्षात ठेवण्याजोगा फरक.

त्यांचा शत्रू हिवाळा, आपला उन्हाळा. मे महिन्यात वाशिममध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ऊन अडवायचा. कवेलूच्या छपराखाली हवा खेळायची. ही घरं दरवर्षी शाकारायला, सारवायला माणसं लागत. आता टिनाचं छप्पर आलं, ते टिकाऊ आहे, पक्कं आहे आणि दुपारी दोन वाजता तव्यासारखं तापतं. घरकुलाचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो.

आता विजेचं गणित पुन्हा करू. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा स्वस्त दर महिन्याला सरासरी ३० युनिटच्या वापरापुरता आहे. ७५ वॅटचा साधा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बल्बने वाचवलेलं सगळं पंख्याने खाल्लं. दीडशे वॅटचा कूलर दहा तास चालवला तर ४५ युनिट, आणि घर स्वस्त दरातून बाहेर. म्हणजे ज्याचं छप्पर सर्वांत जास्त तापतं, त्याला थंडावा सर्वांत महाग पडतो. तीस वॅटच्या आसपास चालणारे पंखे बाजारात आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ईईएसएलने गोव्यात एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला. पंख्याला बल्बसारखं यश मिळालं, तर ते या जिल्ह्याला बल्बपेक्षा जास्त उपयोगाचं ठरेल.

छताला मात्र योजना नाही. इंदिरा आवासच्या घराला २००४ मध्ये २५ हजार रुपये मिळत. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला १ लाख २० हजार मिळतात. एवढ्या पैशात भिंती आणि स्लॅब उभा राहतो तोच अनेकदा कर्ज काढून. छतावर पांढऱ्या चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात द्यायला फारसा खर्च नाही, पण तो कुणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं आणि सरकारी गृहयोजनांना ते लागू केलं. वाशिमचं ऊन तेलंगणाच्या उन्हाहून सौम्य नाही.

सरकारचं लक्ष आता छताकडे वळलं आहे, पण छताच्या वरच्या बाजूकडे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटच्या सौर संचाला केंद्राचे ३० हजार रुपये मिळतात. २०२५ मध्ये राज्याने घरकुलाच्या रकमेत ५० हजारांची भर घातली आणि त्यातले १५ हजार सौर संचासाठी ठेवले. त्याच वर्षी दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी राज्याने वेगळं अनुदान दिलं, ज्यामुळे त्यांना एका किलोवॉटसाठी स्वतःच्या खिशातून फक्त काही हजार भरावे लागतात. ही मोठी गोष्ट आहे. ज्या घरांना १९८८ मध्ये एक दिवा देताना सरकार बिचकत होतं, ती घरं वीज तयार करणार आहेत.

पण चुलीचा इतिहास इथे विसरून चालणार नाही. संचावर धूळ बसेल, वानरं उड्या मारतील, तीन वर्षांनी इन्व्हर्टर बिघडेल. तेव्हा रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या खेड्यात दुरुस्तीला कोण येणार, त्याचे पैसे कोण देणार आणि तक्रार कुणाच्या नावाने लिहायची? संच बसवल्याचा फोटो अपलोड झाला की ठेकेदाराचं बिल निघतं. संच चालू असल्याबद्दल पाचव्या वर्षी पैसे मिळण्याची तरतूद झाली, तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण वस्तूऐवजी वापराला पैसे दिले असं म्हणता येईल.

सौभाग्य, उज्ज्वला, उजाला, सूर्यघर: योजनांची नावं उजेडाने भरलेली आहेत आणि त्यांनी दिलेला उजेड खोटा नाही. चिमणीच्या काजळीत अभ्यास केलेल्या पिढीला विचारा, ती बल्बची थट्टा करणार नाही. पण वस्तूंची संख्या शंभर टक्के झाली की काम संपलं, असं समजायची सरकारला सवय लागली आहे, आणि ती सवय महसुली हद्दीत एक पंप लावून गाव उजळवण्यापासूनची आहे. तुमच्या गावात पुढचं सर्वेक्षण येईल, तेव्हा घरात काय काय आहे हे ते विचारतीलच. त्यात तीन प्रश्न आपण स्वतःहून घालावेत: मागच्या वर्षी सिलिंडर किती भरले, मे महिन्यात दुपारी घरात बसवतं का, आणि बिघडलेली वस्तू शेवटची कुणी दुरुस्त केली. या उत्तरांचे रकाने ज्या दिवशी अर्जात येतील, त्या दिवशी पैसा कुठे घालायचा हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही.